दोष तंबाखूचा की मातेचा? : गर्भावस्थेतील धूम्रपानत्याग आणि कार्यकारणाचा पुरावा

पाचव्या महिन्यात तपासणीस आलेली एखादी धूम्रपान करणारी स्त्री डॉक्टरांना विचारते, "निम्मे दिवस तर गेले. जे व्हायचे ते होऊन चुकले असेल. आता सिगारेट सोडून मुलाला काय मिळणार?" हा प्रश्न वरकरणी धीर देण्याचा किंवा उपदेशाचा वाटतो, वस्तुतः तो पुराव्याचा प्रश्न आहे. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची मुले वजनाने कमी भरतात, हे एक विधान. आणि धूम्रपान सोडले असता त्याच स्त्रीचे मूल वजनाने अधिक भरते, हे दुसरे विधान. पहिले पूर्णपणे खरे असूनही दुसरे खोटे असू शकते. डॉक्टरांचे उत्तर मात्र सर्वस्वी दुसऱ्या विधानावर अवलंबून आहे. पहिल्या विधानापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर तोडण्यास संशोधकांना १९५७ ते १९८४ अशी सत्तावीस वर्षे लागली. त्या वाटचालीत वैद्यकाइतकाच सांख्यिकीचाही भाग आहे, आणि तिच्या शेवटी आपल्या घरातील एक जुनी सवय उभी आहे. म्हणून या विषयाकडे आपल्या विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे असे वाटते.

प्रारंभ कॅलिफोर्नियात झाला. १९५७ साली विनिया सिम्पसन या विदुषीने सॅन बर्नार्डिनो परगण्यातील रुग्णालयांत प्रसूत झालेल्या ७,४९९ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांमध्ये 'अकालप्रसूती'चे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होते, आणि सिगारेटींची संख्या वाढे तसे ते वाढत जाई. येथे शब्दाचा एक घोटाळा ध्यानात घेतला पाहिजे. त्या काळी मूल अकाली जन्मले की नाही हे दिवस मोजून नव्हे, तर वजन करून ठरवीत. अडीच किलोंहून कमी भरलेले मूल अकाली, असा संकेत होता. त्यामुळे मूल लवकर जन्मले की वेळेवर जन्मूनही लहान राहिले, हा भेद त्या आकड्यांतून कळत नव्हता.

तो भेद दोन वर्षांनी बर्मिंगहॅम येथे सी. आर. लो यांनी स्पष्ट केला. त्यांनी २,०४२ स्त्रियांची पाहणी केली. गर्भावस्थेत धूम्रपान चालू ठेवणाऱ्या स्त्रियांची मुले सरासरीने सुमारे १७० ग्रॅम कमी भरली. पण गर्भकाळाच्या लांबीत फारसा फरक नव्हता. म्हणजे ती मुले मुख्यतः आधी जन्मत नव्हती, तर पोटात कमी वाढत होती. लो यांच्या लेखातील आणखी एक निरीक्षण आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. ज्या स्त्रियांनी गर्भावस्थेच्या आरंभी धूम्रपान सोडले, त्यांच्या मुलांचे वजन धूम्रपान न करणाऱ्यांच्या मुलांच्या वजनाच्या जवळपास होते. संख्या लहान होती, त्यामुळे लो यांनी त्यावर मोठी इमारत उभारली नाही. परंतु पुढील सगळ्या वादाची किल्ली त्यातच होती.

वाद उपस्थित केला तो बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील जीवसांख्यिकीचे प्राध्यापक जेकब येरुशाल्मी यांनी. ओकलंड परिसरातील गर्भवती स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा त्यांनी १९५९ पासून दीर्घ अभ्यास चालविला होता, आणि सामग्रीच्या बाबतीत त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हते. त्यांचा आक्षेप थोडक्यात असा : धूम्रपान करणारी स्त्री आणि न करणारी स्त्री यांच्यात सिगारेट हा एकच फरक नसतो. त्यांचे वय, राहणी, चहा-कॉफी-मद्याच्या सवयी, स्वभाव, कदाचित शरीराची घडणही वेगळी असते. मग मूल लहान होते ते धूम्रपानामुळे, की धूम्रपानाकडे वळणाऱ्या स्त्रीच्या ठिकाणी आधीपासून असलेल्या एखाद्या गुणामुळे? फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत रोनाल्ड फिशर यांनी काही वर्षांपूर्वी याच धर्तीचा आक्षेप घेतला होता.

येरुशाल्मी केवळ शंका काढून थांबले नाहीत; शंकेला त्यांनी आकड्यांचा आधार दिला. १९७२ च्या लेखात त्यांनी अशा स्त्रिया निवडल्या, की ज्यांना पहिले मूल झाले तेव्हा त्या धूम्रपान करीत नव्हत्या, पुढे करू लागल्या. या स्त्रियांची धूम्रपानापूर्वीची मुलेही कमी वजनाची आढळली. सिगारेट हाती येण्यापूर्वीच मूल लहान, तर सिगारेटला दोष कसा द्यावा? याहून चमत्कारिक गोष्ट त्यांनी आधीच्या लेखांत दाखविली होती. कमी वजनाची म्हणून जन्मलेली मुलेच केवळ घेतली, तर धूम्रपान करणाऱ्या मातांची मुले न करणाऱ्या मातांच्या मुलांहून *अधिक* प्रमाणात जगत होती. जणू तंबाखू अशक्त अर्भकाचे रक्षण करीत असावी!

या विरोधाभासाचे परिणाम ग्रंथालयापुरते राहिले नाहीत. जानेवारी १९७१ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या सिगारेट कंपनीच्या अध्यक्षांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत सांगितले, की धूम्रपान करणाऱ्या मातांची मुले लहान असतात हे खरे, पण ती तितकीच निरोगी असतात, आणि काही स्त्रियांना लहान मूल पसंतही पडेल. येरुशाल्मी यांचा हेतू हा नव्हता. ते पद्धतीविषयी काटेकोर होते, आणि निरीक्षित सहसंबंधावरून कारणाकडे उडी घेऊ नये हा त्यांचा आग्रह आजही प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावा असाच आहे. परंतु शंकेचा फायदा कोण घेतो, यावर शंकाकाराचा ताबा नसतो, हेही या प्रकरणात दिसून येते.

विरोधाभासाची उकल पुष्कळ उशिरा झाली, तरी समजण्याच्या सोयीसाठी ती येथेच सांगतो. पुढील आकडे कल्पित आहेत. धूम्रपान न करणाऱ्या १,००० स्त्रियांची ५० मुले कमी वजनाची जन्मली असे धरू. त्यांपैकी २० जणांत जन्मजात गंभीर दोष आहे, म्हणून ती लहान. त्यांतील ८ दगावतात. उरलेली ३० इतर सौम्य कारणांनी लहान. त्यांतील १ दगावते. एकूण ५० पैकी ९, म्हणजे शेकडा १८. आता धूम्रपान करणाऱ्या १,००० स्त्रिया घेऊ. त्यांच्यातही ती २० आणि ती ३० मुले आहेतच. शिवाय तंबाखूमुळे लहान राहिलेली आणखी ५० आहेत, आणि त्यांतील २ दगावतात. आता कमी वजनाच्या १०० मुलांपैकी ११ मृत्यू झाले, म्हणजे शेकडा ११. प्रमाण उतरले, पण मेलेली मुले ९ ची ११ झाली! तंबाखूने एकही मूल वाचविले नाही. तिने फक्त 'कमी वजन' या खोलीत तुलनेने सशक्त अशी पन्नास मुले ढकलली, आणि खोलीतील सरासरी सुधारल्यासारखी दिसली. धूम्रपान न करणाऱ्या मातेचे मूल त्या खोलीत आले, तर ते बहुधा अधिक भयंकर दारातून आलेले असते.

अमेरिकेतील १९९१ च्या जन्मांची सामग्री घेऊन हर्नांदेझ-दियाझ आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये हे विवेचन पद्धतशीरपणे मांडले. त्या सामग्रीत धूम्रपान करणाऱ्या मातांच्या मुलांचा अर्भकमृत्युदर एकंदरीत इतरांच्या १.५५ पट होता, आणि कमी वजनाच्या मुलांपुरते पाहिले तर तोच ०.७९ पट दिसत होता. ज्या गोष्टीवर कारणाचा परिणाम होतो तीच चाळणी म्हणून वापरून मग आत तुलना करणे, ही ती चूक. ती केवळ परदेशी वा केवळ जुनी नव्हे. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांतच गुण आणि घरची स्थिती यांचा संबंध शोधणारे, किंवा रुग्णालयात दाखल झालेल्यांतच दोन रोगांचा संबंध शोधणारे प्रबंध आपल्याकडेही लिहिले जातात, आणि संमतही होतात.

मृत्यूविषयीचा आक्षेप असा निकालात निघाला, तरी मुख्य आक्षेप शिल्लकच राहिला : फरक सिगारेटचा की स्त्रीचा? त्याला पहिले भक्कम उत्तर ब्रिटनमधून मिळाले. ३ ते ९ मार्च १९५८ या एका आठवड्यात इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथे झालेल्या बहुतेक सर्व, म्हणजे सुमारे १७,००० जन्मांची नोंद एका राष्ट्रीय पाहणीत झाली होती. शिवाय मार्च ते मे या तीन महिन्यांतील मृतजन्म व नवजात अर्भकांचे मृत्यूही नोंदले गेले होते. या सामग्रीचे विश्लेषण नेव्हिल बटलर, हार्वे गोल्डस्टाइन व यूआन रॉस यांनी १९७२ साली प्रसिद्ध केले. मातेची उंची, वय, बाळंतपणाचा क्रम, सामाजिक वर्ग इत्यादींचा हिशेब घातल्यावरही, चौथ्या महिन्यानंतर धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या मुलांचे वजन सरासरी १७० ग्रॅमनी कमी भरले, आणि मृतजन्म व नवजात मृत्यू मिळून प्रमाण शेकडा २८ ने अधिक आढळले. परंतु लेखाचा गाभा या आकड्यांत नाही. तो असा, की चौथ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत जिने आपली सवय बदलली तिच्या मुलाचा धोका *बदललेल्या* सवयीप्रमाणे ठरत होता. सोडणारी स्त्री न ओढणाऱ्यांच्या वर्गात जाऊन बसत होती.

येरुशाल्मींच्या तर्काला हा सरळ छेद होता. दोष स्त्रीच्या घडणीत असता, तर चौथ्या महिन्यात सिगारेट टाकल्याने घडण बदलली नसती. तरीही कसलेला प्रतिपक्षी येथे हार मानणार नाही, आणि मानूही नये. तो म्हणेल, आपण होऊन सोडणारी स्त्री ही मुळातच वेगळी. ती अधिक सावध, अधिक शिकलेली, कदाचित व्यसनात कमी गुरफटलेली. म्हणजे 'ओढणारी व न ओढणारी' यांच्याबद्दलचा आक्षेप 'सोडणारी व न सोडणारी' यांच्याकडे सरकला इतकेच. निरीक्षणाने कितीही घटकांचा हिशेब घातला, तरी न मोजलेल्या घटकाची शंका उरतेच. तिला उत्तर एकच : निवड स्त्रीच्या हाती ठेवू नये, चिठ्ठीच्या हाती द्यावी.

गर्भवती स्त्रियांना चिठ्ठ्या टाकून धूम्रपान करावयास लावणे ही गोष्ट कल्पनेतही आणता येत नाही. पण उलट दिशेने चिठ्ठी टाकता येते, आणि हीच या प्रकरणातील खरी कल्पकता. मेरीलँड येथे मेरी सेक्सटन आणि रिचर्ड हेबेल यांनी ९३५ धूम्रपान करणाऱ्या गर्भवतींचे यादृच्छिक रीतीने दोन गट केले. एका गटाला सवय सोडण्यासाठी भेटी, पत्रे, दूरध्वनी अशा प्रकारे सातत्याने साहाय्य दिले. दुसऱ्या गटाला नेहमीची वैद्यकीय देखभाल मिळाली. स्त्रियांच्या शब्दावर न विसंबता लाळेची रासायनिक तपासणीही केली. आठव्या महिन्यात साहाय्य मिळालेल्या गटातील शेकडा ४३, तर दुसऱ्या गटातील शेकडा २० स्त्रियांनी धूम्रपान सोडलेले होते. १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : साहाय्य मिळालेल्या गटातील मुले सरासरी ९२ ग्रॅमनी वजनदार आणि ०.६ सेंटिमीटरने लांब भरली.

९२ ग्रॅम ही संख्या काहींना क्षुल्लक वाटेल. मात्र ती सोडणाऱ्या व न सोडणाऱ्या स्त्रियांमधील तफावत नव्हे. दोन *संपूर्ण गटां*मधील आहे, आणि या गटांत सोडणाऱ्यांच्या प्रमाणाचा फरक केवळ शेकडा २३ होता. कोणी घाईने ९२ ला ०.२३ ने भागून प्रत्येक त्यागामागे ४०० ग्रॅम असा हिशेब मांडील, तर तोही चुकेल. कारण ज्यांनी पूर्ण सोडले नाही त्यांच्यातही पुष्कळींनी सिगारेटी कमी केल्या होत्या. नेमका आकडा काहीही असो, चिठ्ठी कोणाच्या बाजूने पडली यावर मुलाचे वजन अवलंबून राहिले. आणि चिठ्ठीला मातेची घडण ठाऊक नसते. त्यानंतर अशा अनेक प्रयोगांचे एकत्र परीक्षण झाले. २०१७ च्या कॉक्रेन परीक्षणात, समुपदेशन व तत्सम साहाय्यामुळे कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण शेकडा १७ ने, तर नवजात अतिदक्षता विभागात दाखल कराव्या लागणाऱ्यांचे प्रमाण शेकडा २२ ने घटल्याचे नोंदविले आहे.

आता आरंभीच्या स्त्रीकडे वळू. निम्मे दिवस गेले हे तिचे म्हणणे खरे; पण निम्मे मूल झालेले नाही. विसाव्या आठवड्यात गर्भाचे वजन तीन-साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात किलोच्या थोडे वर. आणि पूर्ण दिवसांचे मूल तीन किलोंहून अधिक. म्हणजे पाचव्या महिन्यात जवळजवळ नऊ-दशांश वजन अद्याप यावयाचे असते. सिगारेटच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हीमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि गर्भाच्या रक्तात त्याचे प्रमाण मातेच्या रक्तातल्यापेक्षाही चढते राहते. ऑक्सिजनाची वाहने अशी अडवली जात असतानाच निकोटिन रक्तवाहिन्यांवर परिणाम करून वारेकडील पुरवठ्यास बाधा आणते. परंतु हा वायू साठून राहणारा नव्हे. धूर थांबला, की विश्रांतीच्या स्थितीत मातेच्या रक्तातील त्याचे प्रमाण चार-पाच तासांत निम्म्यावर येते. गर्भाच्या रक्तातून तो काहीसा सावकाश जातो, पण दोन-तीन दिवसांत बहुतेक निघून जातो. शेवटच्या महिन्यांतील भरघोस वाढ मग मोकळ्या श्वासात होते. सोडण्याचा लाभ उशिरानेही का मिळतो, याचे स्पष्टीकरण असे सरळ आहे.

सर्वच हानी अशी भरून येत नाही, हेही तितक्याच सरळपणे सांगितले पाहिजे. वर्षाच्या आतील मूल झोपेत अकस्मात दगावण्याच्या घटनांचा धूम्रपानाशी निकट संबंध आहे. श्वास अडखळला असता अर्भकाने दचकून जागे व्हावे ही जी मेंदूच्या खोडातील व्यवस्था, तिच्यावर गर्भावस्थेतील निकोटिनाचा परिणाम होतो असे मानले जाते. अमेरिकेतील २००७ ते २०११ या काळातील दोन कोटींवर जन्मांच्या अभ्यासात, २०१९ साली, असे दिसून आले की दिवसाकाठी एका सिगारेटनेही हा धोका जवळजवळ दुप्पट होतो. तिसऱ्या तिमाहीपर्यंत सिगारेटी कमी करणाऱ्यांच्या बाबतीत धोका शेकडा १२ ने, तर पूर्ण सोडणाऱ्यांच्या बाबतीत शेकडा २३ ने घटला. म्हणजे वजनाची तूट जशी बव्हंशी भरते तशी ही भरत नाही. पाचव्या महिन्यातील स्त्रीला "सगळे पूर्ववत होईल" असे सांगणारा डॉक्टर दयाळू असेल, पण बिनचूक नाही. आणि "आता काय उपयोग" म्हणणारा तर दोन्ही नाही.

सोडवावे कसे, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. दोन प्रयोगांचा निर्देश करून पुढे जातो. इंग्लंडमध्ये १,०५० गर्भवतींना निकोटिनच्या पट्ट्या किंवा तशाच दिसणाऱ्या निर्द्रव्य पट्ट्या देऊन पाहिल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रसूतीपर्यंत सोडून राहणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ९.४ आणि ७.६ होते. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला आहे. निकोटिनच्या पट्ट्या महिन्याहून अधिक काळ वापरणाऱ्या शेकडा ७.२ च निघाल्या, तेव्हा पट्टी निकामी ठरली की पट्टी लावलीच गेली नाही, हे सांगणे अवघड. याउलट ग्लासगो येथे ६१२ स्त्रियांच्या प्रयोगात नेहमीच्या मदतीखेरीज, धूम्रपान सोडल्याचे तपासणीत सिद्ध झाल्यास एकूण ४०० पौंडांपर्यंत खरेदीची कुपने देण्यात आली; गर्भावस्थेच्या उत्तरार्धात तेथे शेकडा २२.५, तर नुसत्या मदतीच्या गटात शेकडा ८.६ स्त्रिया सोडून राहिल्या होत्या. निष्कर्ष २०१५ चे आहेत. आईला आपल्या मुलाच्या हितासाठी पैसे द्यावयाचे, ही कल्पना पुष्कळांना रुचणार नाही. प्रस्तुत लेखकालाही ती प्रथम रुचली नव्हती. पण व्यसन ही मायेची कसोटी नव्हे, हे एकदा मान्य केले की त्यात लाजिरवाणे काही उरत नाही.

येथवरचा सर्व पुरावा सिगारेट ओढणाऱ्या पाश्चात्त्य स्त्रियांचा आहे. भारतातील स्थिती निराळी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू पाहणीत धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया शेकडा २.० आढळल्या, तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या शेकडा १२.८. महाराष्ट्रात यातला एक जुना प्रकार म्हणजे मशेरी. तंबाखूची पाने तव्यावर काळी पडेपर्यंत भाजावयाची, चुरून बारीक पूड करावयाची, आणि बोटाने दातांना, हिरड्यांना लावावयाची. सकाळी एकदा, मग दुपारच्या कामानंतर, मग रात्री. आणि मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही हा दृढ समज. प्रस्तुत लेखकाच्या बालपणी शेजारच्या चुलीवर मशेरी भाजली जाऊ लागली, की तिच्या खमंग-जहाल वासाने आम्ही मुले खोकत अंगणात पळत असू. ती भाजणाऱ्या बायांना कोणी 'तंबाखू खाणाऱ्या' म्हणत नसे. ती दात घासण्याची वस्तू होती.

या सवयीचा गर्भावरील परिणाम मुंबईत प्रकाश गुप्ता व श्रीविद्या यांनी तपासला आणि २००४ साली प्रसिद्ध केला. १,२१७ गर्भवतींची आधी नोंद करून त्यांचा प्रसूतीपर्यंत मागोवा घेतला होता. त्यांतील सुमारे शेकडा १७ जणी मशेरी वा अन्य धूरविरहित तंबाखू वापरीत. त्यांच्या मुलांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरले आणि गर्भकाळ ६.२ दिवसांनी आखूड ठरला. मूल जितके अधिक अकाली, तितका तंबाखूचा संबंध अधिक ठळक : सदतिसाव्या आठवड्यापूर्वीच्या प्रसूतीसाठी विषम-गुणोत्तर १.४, बत्तिसाव्यापूर्वीसाठी ४.९, अठ्ठाविसाव्यापूर्वीसाठी ८.०. याच स्त्रियांविषयी २००६ साली आलेल्या लेखात मृतजन्मांचे प्रमाण तंबाखू वापरणाऱ्यांत शेकडा ८.९ व न वापरणाऱ्यांत ३.१ असे नोंदविले आहे.

येरुशाल्मींची शंका येथेही घेतली पाहिजे. परकीय सिगारेटला जी चाळणी लावली ती घरच्या मशेरीला न लावणे न्याय्य होणार नाही. मशेरी लावणारी स्त्री बहुधा अधिक गरीब, कमी शिकलेली, अधिक रक्तक्षयी असणार. मूल तिच्या दारिद्र्यामुळे लहान कशावरून नाही? मुंबईच्या अभ्यासकांनी वय, शिक्षण, आर्थिक स्थिती, मातेचे वजन, रक्तक्षय, प्रसूतिपूर्व देखभाल यांचा हिशेब घालूनच कमी वजनाचा धोका १.६ पट ठरविला, हे त्या शंकेला बरेचसे उत्तर आहे. दुसरे उत्तर स्वीडनहून येते. तेथील स्त्रिया 'स्नूस' नावाची ओली तपकीर ओठाखाली ठेवतात आणि त्या आपल्याकडील मशेरीवाल्यांसारख्या गरीब नाहीत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्नूस वापरणाऱ्यांच्या मुलांचे वजन केवळ ३९ ग्रॅमनी कमी आढळले, धूम्रपान करणाऱ्यांच्या मुलांचे १९० ग्रॅमनी. पण अकाली प्रसूतीचा धोका स्नूसनेही जवळजवळ दुप्पट केला. धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, तरी प्रसूती लवकर होते. तेव्हा दारिद्र्य वगळले आणि धूरही वगळला, तरी तंबाखूचा काही वाटा उरतोच. मशेरी तर भाजलेली असते. भाजण्याने निर्माण होणारी कर्करोगकारक द्रव्येही तिच्यात आढळली आहेत.

सिगारेटच्या बाबतीत निर्णायक ठरला तो त्यागाचा पुरावा. मशेरीच्या बाबतीत तो गोळा करावयाचा, तर मेरीलँडची रीत आपल्याकडील प्रसूतिपूर्व केंद्रांत अनुसरता येण्यासारखी आहे. साहाय्य देण्यास चिठ्ठी टाकता येते, लाळेतील निकोटिनजन्य द्रव्य मोजता येते, वजनकाटा तर प्रत्येक प्रसूतिगृहात असतो. आमच्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय घ्यावयाचा ठरविल्यास त्याला पहिली अडचण सांख्यिकीची येणार नाही, भाषेची येईल. प्रसूतिपूर्व नोंदीत "धूम्रपान करता का?" असे विचारले, की मशेरी लावणारी बाई नाही म्हणते, आणि ते खरेच असते. "तंबाखू खाता का?" याही प्रश्नाला ती प्रामाणिकपणे नाही म्हणते, कारण ती तंबाखू खात नाही, लावते. उत्तर मिळवावयाचे असेल तर तिला विचारले पाहिजे, "मावशी, सकाळी दात कशाने घासता? आणि दिवसातून किती वेळा?"